आपोआप खाली बसणारं हायड्रॉलिक टेबल: घरच्या वर्कशॉपमध्ये केलेली दुरुस्ती आणि एक अडचण

शिसवी, १३ जून, रात्री ९:५०

तळेगावला घरामागे पत्र्याची शेड आहे, तेच आमचं वर्कशॉप. आमचं म्हणजे माझं आणि बाबांचं. बाबा चिंचवडच्या एका फाउंड्रीत ३६ वर्षं पॅटर्नमेकर (ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने बनवणारे) होते, आता ७४ वर्षांचे आहेत. मी बँकेत आहे, सुतारकाम शनिवार-रविवारचं. माझी उंची ५ फूट ११ इंच, बाबांची ५ फूट ३. बाबांच्या उंचीच्या बेंचवर तासाभरात माझी कंबर धरायची आणि माझ्या उंचीच्या बेंचवर बाबा पायाखाली पाट घेऊन रंधा मारायचे. सत्तरीला आलेला माणूस पाटावर उभा राहून रंधा मारतोय, हे मला बघवत नव्हतं.

२०१९ मध्ये कुदळवाडीच्या भंगारात पायाने पंप मारायचं कात्री टेबल दिसलं, म्हणजे कात्रीसारख्या पायांवर तेलाच्या दाबाने वर-खाली होणारं. प्रेस शॉपमध्ये जड डाय (साचे) उचलून मशीनच्या पातळीला आणायला वापरतात तसलं. ३०० किलोचं, खाली असताना २८ सेंटिमीटर, पूर्ण वर ८८. वजनावर ४५०० रुपयांना मिळालं. वर १९ मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायचे दोन थर चिकटवून १२०० बाय ६०० चा माथा बसवला, एका टोकाला लाकडी वाइस लावला. तेव्हापासून शेडमधली सगळी कामं त्याच्यावरच होतात.

यंदा फेब्रुवारीपासून ते खाली बसायला लागलं. आधी रात्रभरात चार सेंटिमीटर, नंतर तासाभरात तेवढंच. एका रविवारी ड्रॉवरच्या खोक्याला सरस लावून क्लॅम्प आवळले होते आणि क्लॅम्पचे दांडे बाजूच्या घोडीवर टेकवले होते. टेबल हळूहळू खाली गेलं, घोडी जागेवर राहिली, खोकं पिळलं आणि कोपऱ्याचा सांधा उघडला. बाबांनी तीन दिवस बसून तो सांधा हाताने कापला होता. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच पाने काढून ठेवले.

केलं ते क्रमाने सांगतो. असं टेबल भंगारात मिळणं अवघड नाही, आणि "हायड्रॉलिक गेलं" म्हणून लोक ते अर्ध्या किमतीत देऊन टाकतात.

सगळ्यात आधी रिलीजची तार बघा. टेबल खाली आणायच्या मुठीपासून व्हॉल्व्हपर्यंत सायकलच्या ब्रेकसारखी तार जाते. ती जास्त ताणलेली असेल, तर व्हॉल्व्ह केसभर उघडाच राहतो. तेवढंच कारण असलं तर दोन मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे तार सैल होती, त्यामुळे पुढे जावं लागलं.

नंतर भिंतीवर स्केल चिकटवली, टेबलावर सिमेंटच्या दोन गोण्या म्हणजे १०० किलो ठेवले आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहिला. खाली पांढरा कागद अंथरला होता. तासाभरात ४५ मिलिमीटर उतरलं, कागदावर मात्र थेंबही नाही. तेल बाहेर येत नसेल, तर ते आतल्या आत टाकीत परत जातंय, म्हणजे दोष छऱ्यांच्या सीटमध्ये (तेलाची वाट बंद करणारे छरे जिथे बसतात त्या जागेत) किंवा रिलीज व्हॉल्व्हमध्ये. प्लंजरवर, म्हणजे सिलिंडरमधून बाहेर येणाऱ्या दांड्यावर, ओला ओघळ दिसला असता, तर सील दोषी धरलं असतं.

खोलण्याआधी माथा आणि गोण्या उतरवल्या, प्लॅटफॉर्म वर घेऊन चारही कोपऱ्यांत बाभळीचे ठोकळे उभे केले, रिलीज उघडून प्लॅटफॉर्म त्यांच्यावर बसू दिला आणि मगच खाली हात घातला. टेबल तेलावर उभं असताना त्याच्या कात्रीत हात, डोकं, काहीही घालायचं नाही. रिलीजच्या मुठीला चुकून कोपर लागलं तरी ते खाली येतं.

सर्क्लिप काढून पिना ठोकल्या, सिलिंडर आणि पंप एकत्रच बाहेर आला. तेल एका काचेच्या बरणीत काढलं. काळपट होतं, वासही वेगळा. बाबा म्हणाले, रात्रभर राहू दे. सकाळी बरणीत दोन थर होते: वर तपकिरी, खाली लालसर. खालच्या थरातला थेंब पाण्यात टाकला, तर विरघळून गेला. ते ब्रेक ऑइल होतं. आधीच्या मालकाकडे कुणीतरी तेल कमी झालं म्हणून हाताशी होतं ते ओतलं असणार. ब्रेक ऑइल ग्लायकॉलच्या जातीचं, हायड्रॉलिक तेल खनिज. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, आणि हायड्रॉलिकची नायट्राइल रबराची सीलं ब्रेक ऑइलने फुगून मऊ पडतात. आमची एक ओ-रिंग नखाने दाबली तर खवा दाबल्यासारखी दबली. तिचेच कण रिलीजच्या छऱ्याखाली अडकले होते. सीटवर एका बाजूला बारीक चरा होता.

प्लंजर ४० मिलिमीटरचा. भोसरीतल्या सीलच्या दुकानात जुनं सील आणि व्हर्नियरचे आकडे दोन्ही घेऊन गेलो. ४० बाय ५० बाय १० चं पॉलियुरेथेनचं यू-सील, वायपर (दांड्यावरची धूळ पुसणारी रिंग) आणि ओ-रिंगा मिळून ३४० रुपये. छरे बेअरिंगच्या दुकानातून, ५ रुपयाला एक. सीट सरळ करायला बाबांनी जुना छरा त्यावर ठेवला, वर पितळी सळई धरली आणि हातोडीचा एकच टोला दिला. फार जोरात नाही. छऱ्याच्या आकाराची गोल चकचकीत कडा उमटली. मग जुना छरा टाकून नवा बसवला.

सफाई रॉकेलने आणि मऊ ब्रशने केली. कॉटन वेस्ट अजिबात वापरलं नाही, कारण त्याचा एक धागा छऱ्याखाली गेला की सगळी मेहनत वाया. सील बसवताना स्क्रू-ड्रायव्हर लावायचा मोह होतो, पण त्याच्या टोकाने सीलची ओठासारखी कडा फाटते. बाबांनी बांबूची बोथट पट्टी तासून दिली. सील कोमट तेलात ठेवलं, तेल लावून दुमडलं आणि त्या पट्टीने आत सरकवलं. उघडा ओठ दाबाच्या बाजूला.

तेल व्हीजी ४६ (हा दाटपणाचा नंबर) घातलं. प्लंजर पूर्ण आत असतानाच टाकी भरायची. वर असताना भरली, तर खाली येताना ते तेल मावत नाही. मग रिलीज उघडा ठेवून पंधरा-वीस वेळा पंप मारला, हवा निघाली, पुन्हा तेलाची पातळी बघितली.

त्याच दोन गोण्या, तीच स्केल: रात्रभरात २ मिलिमीटर.

आता अडचण. टेबल ८० सेंटिमीटरच्या वर गेलं, की रंधा मारताना आडवं डुलतं. उभा भार उत्तम पेलतं, पण ढकललं की हलतं. कुणी यावर काही केलं आहे का?


लोटेकर, १४ जून, सकाळी ७:१२

लेख वाचून समाधान वाटलं. मी केमिकल प्लँटच्या मेंटेनन्समध्ये २८ वर्षं काढली, त्यावरून एक गोष्ट जोडतो. ही या धाग्यावर असायलाच हवी.

गळती शोधायला बोट फिरवू नका. पायाच्या पंपानेसुद्धा सिलिंडरमध्ये शंभर किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर दाब जातो. सुईच्या छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडीखाली घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, म्हणून माणूस पुसून कामाला लागतो. आत मात्र तेल पसरत जातं आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट गमवावं लागू शकतं. असं झालं तर तडक हॉस्पिटल गाठायचं आणि "दाबाखालचं तेल आत गेलंय" हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगायचे. नाहीतर मलमपट्टी करून घरी पाठवतील. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा, डाग पुठ्ठ्यावर दिसेल.

दुसरं आमच्या कोकणच्या हवेचं. पावसाळ्यात टेबल वर ठेवून गावाला जाऊ नका. बाहेर आलेल्या प्लंजरच्या क्रोमवर दमट हवेत बारीक गंज धरतो आणि नंतर तोच खड्डा दर खेपेला सीलची कडा खातो. काम झालं की टेबल खाली, म्हणजे प्लंजर आत तेलात सुरक्षित. गंजाचे ठिपके आलेच तर दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून गोल फिरवत घासा, उभा घासू नका. उभ्या चऱ्यांतून तेल वाट काढतं.


चंद्रकोर, १४ जून, सकाळी ११:०५

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. लोटेकर दादांनी दाबाचा आकडा दिला तो कुठून येतो, हे मुलांना दाखवायला हे टेबल फार छान आहे.

कात्रीचा पाय जमिनीशी जो कोन करतो त्यावर सगळं अवलंबून. सिलिंडर तळाशी आडवा लावलाय असं धरलं, तर त्याला लागणारा जोर म्हणजे भार भागिले त्या कोनाचा टॅन्जंट. ४५ अंशाला टॅन्जंट १, म्हणजे ३०० किलोला ३०० किलोचाच जोर. पण टेबल खाली असताना कोन १० अंश असेल, तर टॅन्जंट ०.१७६, आणि त्याच ३०० किलोला सुमारे १७०० किलोचा जोर लागतो! ४० मिलिमीटरच्या प्लंजरचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. १७०० ला साडेबाराने भागा: जवळजवळ १३५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोनच्या आसपास असतो, म्हणजे हा साठपट. तुमच्या टेबलात सिलिंडर तिरका असणार, म्हणून प्रत्यक्ष आकडा कमी येईल, पण कल हाच. म्हणूनच जड वस्तू ठेवल्यावर पहिले काही पंप पायाला जड लागतात आणि वर गेल्यावर हलके.

पास्कलचा नियम (बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो) सतराव्या शतकातला, पण त्याचं कामाचं यंत्र व्हायला १७९५ उजाडलं. त्या वर्षी लंडनच्या जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. प्रेसमधून पाणी गळायचं. ते थांबवणारं चामड्याचं वाटीसारखं सील त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लीचं, असं मानतात. मॉडस्ली पुढे स्क्रू कापायच्या लेथमुळे प्रसिद्ध झाला. शिसवी, तुम्ही बांबूच्या पट्टीने सरकवलेलं यू-सील त्याच वाटीचं नातवंड आहे. दाब वाढला की कडा भिंतीला अधिक घट्ट चिकटते. उघडी बाजू दाबाकडे ठेवायची ती त्यासाठीच.


भुईकोट, १४ जून, दुपारी ३:३०

चंद्रकोर ताई, चामड्याच्या वाटीवरून आमच्या सोलापूरची आठवण आली. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव जे हातपंप बसले, त्या इंडिया मार्क-२ चा पूर्वज सोलापूर पंप. साखळी आणि तिच्यासाठी गोल पाठीचा दांडा, त्यामुळे सळई नेहमी सरळ वर-खाली जाते. ही मूळ कल्पना इथल्या मिशनच्या विहीर-दुरुस्ती विभागाची. पुढे युनिसेफच्या मदतीने सत्तरच्या दशकात तो देशभर गेला. त्याच्या सिलिंडरमध्ये चामड्याचेच वॉशर असायचे. माझे आजोबा ते बदलायचे. नवा वॉशर रात्रभर तेलात भिजत घालायचे आणि सकाळी गावाबाहेरच्या पंपावर निघायचे. "कोरडा बसवला तर पाणी नाही आणि बाया शिव्या देतील," हे त्यांचं वाक्य होतं.

तुम्ही सील कोमट तेलात ठेवलं हे वाचून ते समोर आले. विषयांतराबद्दल माफी.


गॅरेजवाला_१२, १४ जून, संध्याकाळी ६:४०

लेख छान आहे, पण ब्रेक ऑइलबद्दल पटत नाही. आमच्या गॅरेजात ट्रॉली जॅकला कायम ब्रेक ऑइलच टाकतात. दहा वर्षं झाली, जॅक चालू आहेत.


लोटेकर, १४ जून, संध्याकाळी ७:५५

गॅरेजवाला, जॅक चालतो हे खरं असेल. पण दर वर्षी त्यात वॉशर किट पडतं का, हे आठवून बघा. बहुतेक ठिकाणी पडतं, आणि तो जॅकचा दोष धरला जातो. गाडीच्या ब्रेकचं रबर वेगळ्या जातीचं, त्याला ब्रेक ऑइल मानवतं आणि खनिज तेल मानवत नाही. जॅकच्या रबराचं बरोबर उलट. शिवाय ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, मग आतून गंज. गाडीखाली माणूस असतो. एक लिटर हायड्रॉलिक तेलाचा खर्च तिथे बघू नये.


गॅरेजवाला_१२, १४ जून, रात्री ८:२०

किट दर वर्षी बदलतो हे बरोबर आहे. बरणीची परीक्षा उद्या करून बघतो.


नवशिका_सुतार, १५ जून, सकाळी ९:१५

माझं बजेट कमी आहे. गाडीचा बाटली जॅक पडून आहे. तो मध्ये ठेवून चार पायांचं टेबल वर-खाली करता येईल का?


उद्यमनगर, १५ जून, सकाळी १०:३०

भावा, करू नकोस. माझं कोल्हापुरात फॅब्रिकेशनचं काम आहे, असली दोन टेबलं माझ्याकडे दुरुस्तीला आली आणि दोन्ही मी परत पाठवली. बाटली जॅक फक्त सरळ वर ढकलतो, बाजूचा जोर तो झेलत नाही. मध्यभागी एक जॅक आणि चार कोपऱ्यांत पाइपात पाइप. एका कोपऱ्यावर हात टेकला की पाइप तिरका होऊन अडकतो, दुसऱ्या बाजूने जॅक वर जात राहतो आणि मग अडकलेला पाइप एकदम सुटतो. आडवा ठेवून वापरायचा विचार असेल, तर तेही नको. त्या स्थितीत त्याचं तेल पंपाच्या तोंडाला पोचेलच असं नाही.

उंचीच हवी असेल तर बिनखर्चाचा मार्ग आहे. मुख्य बेंच रंध्याच्या उंचीचा कर आणि त्यावर क्लॅम्पने आवळायचा २० सेंटिमीटरचा छोटा बेंच बनव, बारीक कामासाठी. माझा सुतार मित्र हेच वापरतो.

शिसवी, टेबलावर वेल्डिंग करत असाल तर अर्थिंगचा क्लॅम्प जॉबलाच (जोडायच्या तुकड्याला) लावा, टेबलाच्या फ्रेमला नको. फ्रेमला लावला तर करंट पिनांतून आणि बुशांतून वाट काढतो, तिथे ठिणग्या पडून पिना खरबडीत होतात. प्लंजरवर जुन्या जीन्सचा पाय गुंडाळा. क्रोमवर वेल्डिंगचा एक थेंब चिकटला तर सील गेलंच.


कानस, १५ जून, दुपारी १२:५०

उंचीबद्दल थोडं. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो: वाइसपाशी सरळ उभं राहा, मूठ हनुवटीखाली आणा, कोपर वाइसच्या जबड्याच्या वरच्या कडेला जेमतेम टेकलं पाहिजे. कानस मारायची ती उंची. त्याहून खाली असेल तर पाठ वाकते, वर असेल तर खांदे उचलले जातात आणि कानस डोलते.

सुतारकामाला एक उंची पुरत नाही. रंध्याला शरीराचं वजन पुढे टाकावं लागतं, म्हणून टेबल मनगटाच्या आसपास. डव्हटेलची (शेपटीच्या आकाराच्या सांध्याची) रेघ बघून कापायची असेल, तर कोपराच्या जरा खाली. कपाट जोडायचं असेल तर गुडघ्याच्या वर, म्हणजे माथा हाताच्या टप्प्यात येतो. तुमच्या आणि वडिलांच्या उंचीत २० सेंटिमीटरचा फरक आहे, मनगटात तो निम्म्यावर येईल. तुमचे आकडे लिहा की, इथे खूप जणांना उपयोगी पडतील.


गोठलेलं_तळं, १६ जून, पहाटे ४:१०

मिशिगनमधून लिहितेय. आमच्या गराजमध्ये ५०० पौंडांची, म्हणजे साधारण २२५ किलोची चाकांची हायड्रॉलिक गाडी आहे. मी ती बेंच म्हणून कमी आणि टेबल सॉच्या मागे जास्त वापरते. लांब फळी कापताना तिचं पुढचं टोक लोंबायला लागतं. गाडी सॉच्या पातळीच्या दोन मिलिमीटर खाली आणून मागे लावली की फळी अलगद तिच्यावर सरकते. एकटीने काम करणाऱ्या माणसाला हा दुसरा माणूस मिळाल्यासारखं आहे. जड प्लेनर मशीन गाडीच्या डिकीतून काढताना तर मी तिचे आभार मानते. डिकीच्या कडेएवढी उंची, मशीन ओढून घ्यायचं, खाली आणायचं, बस. माझ्या सासऱ्यांनी तेच मशीन उचलताना पाठ दुखावून घेतली होती.

एक सांगायचं म्हणजे, तुमचं ४६ नंबरचं तेल आमच्याकडे जानेवारीत चालणार नाही. तो आकडा ४० अंश तापमानाला मोजलेला दाटपणा आहे. उणे १५ ला तेच तेल मधासारखं होतं, पंप भरत नाही आणि टेबल खाली यायला मिनिटं घेतं. मी ३२ नंबरचं वापरते, आणि हिवाळ्यात पहिले पाच-सहा पंप रिकामेच मारते.


शिसवी, १६ जून, रात्री १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. आजोबा आणि चामड्याच्या वॉशरची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. फाउंड्रीत त्यांच्याही हातपंपाला तसाच वॉशर होता.

लोटेकर दादा, पुठ्ठ्याचं मला खरंच माहीत नव्हतं. मी सिलिंडरभोवती हात फिरवून बघितलं होतं. आता एक पुठ्ठा खिळ्याला लटकवून ठेवलाय.

कानस सर, आज दुपारी दोघांची मापं घेतली. रंध्याला मी ८६, बाबा ७६. सांधे कापायला मी १०२, बाबा ९१. टेबल ८८ लाच संपतं, माथ्याचे ४ धरून ९२. म्हणजे बाबांचं सगळं टेबलावर भागतं. माझं सांधे कापायचं काम उद्यमनगर यांनी सुचवलेल्या छोट्या बेंचवर होईल. तो मी १० सेंटिमीटरचा करतोय, तेवढा पुरेल. जोडणीला दोघांनाही ५५ ते ६० चालतं.

डुलण्याचा तोडगा बाबांनी काढला. दुरुस्तीत उभे केलेले बाभळीचे ठोकळेच त्यांच्या डोक्यात राहिले होते. त्यांचं म्हणणं असं, की टेबल तेलावर उभं आहे म्हणून डुलतं, त्याला लाकडावर बसव. तळाच्या फ्रेमपासून प्लॅटफॉर्मच्या फ्रेमपर्यंत चार टेकू. टेबल बोटभर जास्त वर घ्यायचं, टेकू उभे करायचे आणि रिलीज हळू सोडून प्लॅटफॉर्म त्यांच्यावर टेकवायचा. भार लाकडावर गेला की तेलावर दाब राहत नाही, रात्रभरात उतरण्याचा प्रश्नच मिटतो. टेकू निसटू नये म्हणून दोन्ही टोकांना फ्रेमच्या चॅनलमध्ये बसेल अशी खाच. दोन-दोन टेकू तिरक्या पट्टीने जोडून त्यांची चौकट केली, त्यामुळे आडवा जोर ती पट्टी घेते. चाकं काढून टाकली आणि त्या जागी खालून आवळायचे बोल्ट लावले.

मापं काढताना त्यांनी सवयीने जुनी पॅटर्नची पट्टी उचलली आणि लगेच ठेवून दिली. बिडाचं ओतीव काम थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आक्रसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी तेवढी लांब आखलेली असते. तिच्यावर टेकूचे ७२ सेंटिमीटर मोजले असते, तर टेकू ७ मिलिमीटर मोठे झाले असते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी हात आधी त्याच पट्टीकडे जातो, असं म्हणाले.


लोटेकर, १७ जून, सकाळी ६:५०

वडिलांना नमस्कार सांगा. टेकूंना भडक रंग द्या आणि टेबलाशीच अडकवायला आकडा करा. लांब ठेवले की एखाद्या दिवशी घाईत लावायचे राहतात.


गॅरेजवाला_१२, १७ जून, दुपारी १:३५

बरणीची परीक्षा केली. आमच्या दोन नंबरच्या जॅकमध्ये दोन थर आले, खालचा पाण्यात विरघळला. वॉशर बाहेर काढले तर बोटाने दाबले जातायत. दोन्ही जॅक आज बाजूला ठेवले, किट आणि ४६ नंबर तेल मागवलंय. सीट ठोकायला पितळी सळई किती जाडीची घेतली?


शिसवी, १७ जून, रात्री ९:२०

१० मिलिमीटरची, १५ सेंटिमीटर लांब, टोक सपाट घासून. छरा सीटच्या बरोबर मध्यावर बसलाय हे वरून बघून मगच टोला द्या. आणि पहिल्यांदा करत असाल तर आधी नुसताच नवा छरा टाकून बघा. सीटला चरा नसेल तर ठोकायची गरजच पडत नाही.

लोटेकर दादा, बाबांनी टेकूंना लाल रंग दिला. आकडे उद्या लावतोय. नवशिका_सुतार, तुम्ही तळेगावच्या आसपास असाल तर रविवारी या, टेबल चालवून बघा. बाबा दुपारी दोन ते चार झोपतात, ती वेळ सोडून कधीही.